नाव ठेवण्यापूर्वी

सून लग्न होऊन सिल्वासाला आली, त्या वर्षी मी तिला एक नाव ठेवलं होतं, 'शिष्ट'. स्वयंपाकघरातून हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी नाही. शेजारणीलाही मी हेच सांगून बसले. चौथ्या महिन्यात कळलं, लहानपणच्या दुखण्यामुळे तिला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. सांगायला लाजत होती बिचारी.

हे सगळं आठवलं ते एका जीवाश्माबद्दल वाचताना. १८१८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, खडकात एक ठसा मिळाला. सॅम्युअल मिचिल या नामवंत अभ्यासकांनी तो पाहून सांगितलं, हा मिशीवाला मासा. प्राण्याचे पाय त्यांना मिशा वाटले! १८२५ मध्ये जेम्स डी के यांनी शरीराची ठेवण पाहिली. हा सांध्यासांध्यांच्या पायांचा प्राणी, मासा नव्हे. त्यांनी 'युरिप्टेरस' नाव दिलं, पण बसवला खेकडा-कोळंबीच्या कुळात. १८९८ मध्ये गेरहार्ड होल्म यांनी तर बाल्टिक समुद्रातल्या सारेमा बेटावरचे नमुने आम्लात ठेवून दगड विरघळवला आणि पातळ कवच अलगद मोकळं केलं. अशा बारीक अभ्यासातून कळत गेलं की तोंडापुढे नांग्यांची जोडी आहे, कोळंबीसारख्या स्पर्शिका नाहीत. आज हा प्राणी विंचू-कोळ्यांचा नातलग मानतात.

आपल्याकडे जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून होते. मासा पंचेंद्रिय, विंचू चतुरिंद्रिय. म्हणजे कुळ बदललं की जीवाची पायरीही बदलली. बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्या जीवाला त्याचं काही नाही. पण माणसाला?

मिचिल चुकले यात मला पाप दिसत नाही. ओळखीचं असतं तेच डोळ्यांना आधी दिसतं. पण त्यांनी आपलं मत उघड मांडलं, म्हणून पुढच्यांना ते तपासता आलं, खोडता आलं. मी मात्र कुजबुजले. जे कानावर आलंच नाही, ते सून कसं खोडणार होती? चूक आणि दोष यांत मला एवढाच फरक कळतो.

सुनेची क्षमा मागितली. ती हसली, "असू दे हो आई." शेजारणीकडे जाणं जास्त जड गेलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "कानाचं ठीक आहे वहिनी, पण तशी थोडी शिष्टच आहे हं ती."

त्या प्राण्यालाही लोक अजून 'समुद्रविंचू'च म्हणतात. खरा विंचू तो नव्हेच.

नाव ठेवायला क्षण पुरतो. पुसायला मी अजून जाते शेजारी.