बँडसाठी कोण लिहितो?

पोखर्णीच्या नृसिंहाला कुलदैवत मानणारी घराणी दूरदूर पसरली आहेत. त्यामुळे वैशाखात, नृसिंह जयंतीच्या आगेमागे, परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या या गावात यात्रेकरूही असतात आणि वऱ्हाडंही. वऱ्हाडापुढे बँड असला तर (हल्ली तो असेलच असं नाही, डीजेची गाडी असते) दहा मिनिटं थांबून ऐकावा. गाणी ओळखीचीच असणार, तिकडे लक्ष देण्याची गरज नाही. लक्ष द्यावं ते बँडमास्तरकडे. दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेलं सिनेमातलं गाणं त्याने मोबाइलवर ऐकून बसवलेलं असतं. मूळ गाण्यात व्हायोलिनचा ताफा, सिंथेसायझर, मागे कोरस. याच्याकडे दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक युफोनियम आणि ढोल-ताशा. तो गायिकेची ओळ ट्रम्पेटला देतो, ओळीओळीतल्या जागा क्लॅरिनेटवर भरून काढतो आणि खालचा सूर युफोनियमवाल्याकडे सोपवतो. गाणं वरच्या पट्टीत असेल तर उतरवतो, कारण सकाळपासून फुंकून ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुजलेले असतात. अंतऱ्याआधीचा तुकडा जमत नसेल तर सरळ कापून त्या जागी स्वतःचा चार मात्रांचा तुकडा टाकतो. नाचणाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

ते चार मात्रांचे तुकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. ते नव्या रचनेचंच बीज आहे. पण मास्तरला आजवर कोणी म्हटलेलं नाही की, ‘मास्तर, तुमचं स्वतःचं काहीतरी वाजवा.’ बँड सुपारीवर चालतो आणि सुपारी देणारा वरपिता ओळखीचं गाणं मागतो. त्यात त्याची चूक नाही. लग्नात कोणी नवं संगीत ऐकायला येत नसतं. मग नवं मागायचं कोणी?

हा प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेजांनी सत्तर वर्षांपूर्वी सोडवला, आणि तोही अगदी व्यवहारी पद्धतीने. तिथेही बँड म्हणजे संचलन, फुटबॉलचं मैदान, नाहीतर ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनांची उसनवारी. १९५२ साली रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत फ्रेडरिक फेनेल यांनी ‘विंड एन्सेम्बल’ उभा केला. फुंकवाद्यांचा वृंद, प्रत्येक भागाला एकच वादक, आणि वाजवायचं ते मुद्दाम याच वृंदासाठी लिहिलेलं. पण तसं लिहिलेलं होतं कुठे? फेनेल यांनी सुमारे चारशे संगीतकारांना पत्रं टाकली की, आमच्याकडे वादक आहेत, तुम्ही लिहा, आम्ही वाजवू. त्यांनी सुपारीच दिली म्हणायची, फक्त गाण्याचं नाव सांगितलं नाही.

पुढे तिथल्या कॉलेजांना ही सवयच लागली. तिचं मला सर्वांत भावलेलं फळ म्हणजे कारेल हुसा यांची ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’. हुसा मूळचे प्रागचे, अमेरिकेत शिकवणारे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे त्यांच्या गावात घुसले. इथाका कॉलेजच्या बँडने त्यांच्याकडे रचना मागितली होतीच. त्यांनी हा आकांत त्या रचनेत ओतला. सुरुवातीला एकटी पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, पक्ष्यासारखी बोलते. जुन्या चेक, हुसाइट युद्धगीताची सुरावट आधी दबकत येते आणि शेवटी सगळा वृंद ती एका सुरात उचलतो. जानेवारी १९६९ मध्ये कॉलेजच्या मुलांनी ती वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा वाजवली. नंतर ती हजारो वेळा वाजली आणि १९९० साली खुद्द हुसांनी ती प्रागमध्ये वाजवून घेतली. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीचं रूप त्यांनी नंतर केलं. जन्म झाला तो कॉलेजच्या बँडसाठी.

‘ते अमेरिकेत, इथे काय!’ असं कोणी म्हणेल. पण आपला इतिहास काही इतका कोरा नाही. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि पाश्चात्त्य संगीताची हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. क्लॅरिनेट तिथूनच दक्षिणेकडच्या नृत्याच्या साथीत शिरली आणि पुढे एकल वाद्य म्हणून कर्नाटक संगीतात स्थिरावली. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८च्या सुमारास रोगाच्या साथीत अनाथ झालेली मुलं गोळा केली आणि त्यांचा बँड बांधला. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचं वाद्य केलं, मुलांसाठी स्वतः रचना केल्या. त्या रचना तोंडीच शिकवल्या गेल्या, तरी मैहर बँड अजून वाजतो आहे. म्हणून स्वरलेखन नाही तर टिकणार कसं, हा आक्षेप मला पुरता पटत नाही. कागदावर लिहिलेलंही हरवतं. रचना जपणारं, तालीम घेणारं, वर्षानुवर्षं उभं राहणारं घर असलं तर ती टिकते.

मराठी माणसाने बँडसाठी दिलेली सर्वांत मोठी झुंज मात्र वेगळीच आहे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांना ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावं असं वाटत होतं. आक्षेप असा होता की ते बँडवर नीट बसत नाही. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी सभागृहात राष्ट्रगीताविषयी निवेदन केलं. त्यात १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या ‘जन गण मन’चा दाखला होता, आणि वाद्यवृंदावर काय शोभतं हा मुद्दाही. मास्टर कृष्णराव काही नुसतं निवेदन देऊन गप्प बसले नाहीत. त्यांनी झिंझोटीत चाल बांधली, मुंबई पोलीस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्या मदतीने ती बँडसाठी बसवून घेतली आणि दिल्लीत ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूने लागला आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला. पण क्षणभर राजकारण बाजूला ठेवून पाहा. भास्करबुवा बखल्यांचा शिष्य, नाट्यसंगीताचा बादशहा, पोलीस बँडच्या क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांसमोर बसून झिंझोटी बँडमध्ये कशी उतरेल याचा विचार करतो आहे! हा प्रयोग आपल्या संगीत महाविद्यालयांत एक स्वतंत्र धडा म्हणून शिकवायला हवा. त्याऐवजी तो देशभक्तीची आठवण म्हणून तेवढा सांगितला जातो.

आणि कॉलेजच्या अंगणातली नवी रचना म्हणाल तर मुंबईत १९५८ साली तेही घडून गेलं. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक आणि संयोजक. चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेज्यो, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, घोकून मुंबईला आलेल्या पिढीतले. त्यांनी शंभराच्या वर वादकांचा वृंद जमवला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. वृंद पुढे टिकला नाही. लोकांना अँथनी गोन्साल्विस माहीत आहेत ते १९७७च्या सिनेमातल्या गाण्यामुळे, आणि त्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्य प्यारेलालच्या प्रेमामुळे. त्या चौकात त्यांनी काय वाजवलं हे फारसं कोणाला आठवत नाही. कॉलेजने अंगण दिलं होतं. त्यापुढे दरवर्षी रचना मागत राहण्याचं काम कोणाचंच नव्हतं.

आता परभणीकडे येऊ. इथली कॉलेजं १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते आणि पोरं तिथे हलगी-संबळाने मंडप हलवून सोडतात. म्हणजे वृंदवादनाची हौस आहे. संगीताच्या वर्गात मात्र शिकवलं जातं गायन, हार्मोनियम, तबला. फुंकून वाजवायचं वाद्य बहुधा दाराबाहेरच राहतं. याचं कारण नुसतं पैशाचं नाही. मराठवाड्यात हलगी-सनई मातंग समाजाने सांभाळली, काही गावांत सनई गुरवांकडे राहिली, आणि बँडमध्ये गेलेले बरेच वादक याच घरांतले. तोंडाला लावायचं आणि कातड्याचं वाद्य आपल्या जातव्यवस्थेने कोणाकडे ढकललं हे सर्वांना ठाऊक आहे. गाणं शिकणाऱ्याला ‘कलावंत’ म्हणायचं आणि ट्रम्पेटवाल्याला ‘बँडवाला’, ही सवय कॉलेजच्या आतही गेली. वादकाला शिक्षक म्हणून बोलावण्याचा ठराव एखाद्या प्राचार्यांनी मांडला तर स्टाफरूममध्ये काय चेहरे होतील याची कल्पना करता येते.

सैन्याने ही अडचण केव्हाच निकालात काढली. पचमढीला लष्कराची संगीत शिकवण्याची व्यवस्था आहे. तिथे फुंकणाऱ्याची जात कोणी विचारत नाही, स्वरलेखन वाचता येतं का ते विचारतात. सैन्याच्या बीटिंग रिट्रीट समारंभात वर्षानुवर्षं वाजणारं ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र २०२२ साली वगळलं गेलं आणि त्याऐवजी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. ही चाल पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांची. मराठी माणसाची चाल रायसीना टेकडीच्या पायथ्याशी वाजली याचा मला आनंदच आहे. पण हेही शेवटी बँडवर बसवलेलं गाणंच. बँडसाठी सुचलेलं संगीत नव्हे. स्तोत्र वगळण्यावरून झालेल्या वादाच्या गोंधळात हा फरक कोणाच्या लक्षातच आला नाही.

असं बँडसाठीचं संगीत कॉलेजात घडवायचं ठरवलं, तर वाद्यं आहेत. मेरठच्या जली कोठीत ट्रम्पेटं आणि युफोनियमं घडतात; तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. लग्नसराई संपली की गावोगावच्या बँडची पेटी आषाढापासून दिवाळीपर्यंत बरीचशी बंदच असते. नेमकं तेव्हाच कॉलेजचं पहिलं सत्र चालू असतं. त्या महिन्यांत मास्तर आणि त्याचे पाच-सहा वादक मानधनावर बोलवावेत, हलगीवाली मुलं कॉलेजातच सापडतील, आणि रचना एखाद्या तरुण संगीतकाराकडून रीतसर पैसे देऊन लिहून घ्यावी. इंग्रज संगीतकार होल्स्ट यांचा बँडसाठीचा पहिला सूट १९०९ साली लिहून झाला आणि त्याचा नोंदलेला पहिला प्रयोग १९२०चा. ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकलेल्या त्या माणसालाही एवढी वाट पाहावी लागली असेल तर आपण घाई करण्याचं कारण नाही.

लिहिणाऱ्याला मात्र दोन-तीन गोष्टी आधी सांगून ठेवायला हव्यात. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम साधारण काळी पाचच्या पट्टीत मोकळे वाजतात, त्यामुळे षड्ज तिथेच धरावा. सनई त्यात घालायची असेल तर तिची पट्टी तालमीआधी पत्ती बदलून जुळवून घ्यावी लागेल, आणि ती न जुळल्यास सनईवाल्याला दोष देऊ नये. ट्रम्पेटच्या झडपांवर मींड येत नाही; मींड लागेल तिथे क्लॅरिनेट घ्यावी, तिच्या भोकांवरून बोट घसरवून बरंच काही निघतं. दर दोन-अडीच मिनिटांनी ट्रम्पेटवाल्याला बारा-सोळा मात्रा गप्प बसू द्यावं. आणि मास्तरच्या त्या चार मात्रांच्या तुकड्यासाठी मधे कुठेतरी कागद कोरा सोडावा.