रस्त्याचा दोष आणि मनुष्याचा दोष

एकाच गावात दोन घरी शोक आहे असे समजा. एका घरचा मुलगा मोटारीच्या अपघातात गेला. दुसऱ्या घरच्या बापाने आत्महत्या केली. पहिल्या घरी सारा गाव सांत्वनास जातो, परंतु दुसऱ्याच्या अंगणाशी पावले अडखळतात. असे का व्हावे, ह्याचा आपण शांतपणे विचार करावा.

सरकारी नोंदीप्रमाणे सन 2000 मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत 78,911 माणसे दगावली, व 1,08,593 जणांनी आत्महत्या केली. सन 2022 मध्ये हेच आकडे अनुक्रमे 1,68,491 व 1,70,924 झाले. लोकसंख्या वाढली हे खरे, पण हे दोन्ही मृत्यू तिच्याहूनही वेगाने वाढले. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात 15,224 माणसे रस्त्यांवर मेली आणि 22,746 जणांनी आत्महत्या केली. हा दुसरा आकडा सर्व राज्यांत मोठा होता.

आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे पाहा. तेथे 2016 साली 151 माणसे मेली. चालकांस बोल लावून स्वस्थ बसणे सोपे होते. तसे न करता अपघातांच्या जागा तपासल्या गेल्या, कठडे बसविले गेले, धोक्याचे अडथळे काढले गेले, जखमींस लवकर मदत पोहोचू लागली. सन 2020 मध्ये मृतांची संख्या 66 वर आली. टाळेबंदीने त्या वर्षी वाहतूक कमी होती हे जमेस धरले, तरी बोध स्पष्ट आहे. चालक आजही चुकतात. पण चूक आणि मृत्यू ह्यांच्यामध्ये आता कठडा उभा आहे.

मग निराशा आणि मृत्यू ह्यांच्यामध्ये कठडा का नसावा? श्रीलंकेत 1995 पासून शेतीची अतिजहाल विषे बंद करण्यात आली. पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. तेथील माणसांची दुःखे काही संपली नव्हती.

कोणी म्हणेल, जीव देवाने दिला, तो टाकण्याचा अधिकार मनुष्यास नाही. हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मृताचा न्याय करणे आपल्याकडे सोपविलेले नाही. जिवंताची राखण सोपविलेली आहे. भरधाव हाकणाराही दोषीच असतो, तरी त्याच्यासाठी आपण कठडा बांधतोच. सन 1860 च्या दंडसंहितेने अशा प्रयत्नास शिक्षा सांगितली होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले.

म्हणून बंधूंनो, शेतीचे औषध कुलपात ठेवा. कर्जाने वा आजाराने खचलेल्या शेजाऱ्यास एकटे सोडू नका. त्याच्या मनात काय आहे ते त्यास प्रेमाने, उघडपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती खोटी आहे. 14416 ह्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, हे त्यास सांगा. आणि त्या दुसऱ्या घरी अवश्य जा. मागे राहिलेल्यांस आता तुमचीच गरज आहे.