तेच जाळे, तोच मी?

गेल्या पावसाळ्यात डोंबिवली स्टेशनच्या पुलावर एका तिशीतल्या गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत?" ओळखले. वीस वर्षांपूर्वी न केलेल्या चोरीबद्दल मी त्याला वर्गासमोर छडी मारली होती. हरवलेले पेन दुसऱ्या दिवशी भलत्याच दप्तरात सापडले, आणि मी गप्प राहिलो. त्याने आपला फोन नंबर दिला व तो गर्दीत नाहीसा झाला.

ठाण्याच्या गाडीत मनाने वकिली आरंभली : तो तापट मास्तर आता राहिलाच कुठे? माणूस बदलतो!

बदलतो खरा. आपल्या कातडीच्या पेशींतसुद्धा केराटिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे असते. एकेक धागा जाडीने मिलिमीटरचा सुमारे एक लक्षांश. हे जाळे सदोष असेल तर नुसत्या घासण्याने अंगावर फोड येतात, हे १९९१ साली उलगडले. जर्मनीतील विंडोफर आणि लॉयबे यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींत हे धागे चमकते करून पाहिले. पेशीच्या कडेला नवे तुकडे जन्मतात, केंद्रकाकडे सरकतात, जाळ्यात मिसळतात. आतले काही सुटे होतात आणि तेच घटक पुन्हा कडेच्या नव्या धाग्यांना लागतात. म्हणजे जुने टाकले जात नाही, तेच पुन्हा विणले जाते. आणि ही उलथापालथ चालू असताना शेजारच्या पेशीशी बांधणाऱ्या गाठी मात्र धरून राहतात.

शिवाय बदल म्हणजे सुधारणाच, असेही नव्हे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगात केराटिन कसे बदलते, याचाही अभ्यास झाला आहे.

'मिलिंदपञ्हा'त नागसेन राजाला विचारतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? एकच नव्हे, पण निराळीही नव्हे. तिथलाच आंबेचोर म्हणतो, मालकाने लावलेले आंबे निराळे, मी तोडलेले निराळे. तरी तो दोषीच ठरतो, कारण हे त्यांतूनच आले.

माझी वकिली तिथेच संपली. मी बदललो असेन. पण ज्या सुताचा विणला गेलो, त्यात ती छडीही आहे. उलट, बदललो असेन तरच क्षमा मागण्याचे बळ माझ्यात असणार!

ठाण्याला उतरताच फोन लावला. सगळे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "सर, मला वाटायचं, तुम्ही विसरलात."