आपत्तीचे स्मरण आणि स्थानिक सुट्टी

शासनाने 1958 मध्ये दिलेल्या अधिकारान्वये जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या वर्षाला तीन सुट्ट्या जाहीर करू शकतात. स्थानिक सुट्टी म्हणतात ती हीच, आणि ती सामान्यतः पोळा, उरूस, यात्रा अशा प्रसंगी दिली जाते. परभणी जिल्ह्यात यांपैकी एक सुट्टी नैसर्गिक आपत्तीच्या स्मरणार्थ राखून ठेवायची झाल्यास पहिली अडचण तारखेची येते. किल्लारीच्या भूकंपाला तारीख आहे: 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनानंतरची पहाट, जेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. परंतु परभणीच्या जुन्या पिढीने सोसलेली सर्वांत मोठी आपत्ती 1972 चा दुष्काळ ही होती, आणि पेरणी वाया जाणे, विहिरी आटणे, बैल मिळेल त्या भावाने विकणे, खडी फोडायला जाऊन सुकडीवर दिवस काढणे यांतला नेमका कोणता दिवस त्या दुष्काळाचा मानावा, हे कोणालाही सांगता येणार नाही.

सुट्टीला मोल नाही असे नव्हे. भोपाळमध्ये 3 डिसेंबरला वायुकांडाच्या स्मरणार्थ स्थानिक सुट्टी असते. ती दुर्घटना मानवनिर्मित असली, तरी एका शहराचे दुःख शासनाच्या दिनदर्शिकेत नोंदले जाणे ही मृतांच्या आप्तांना मिळालेली मान्यताच आहे. मात्र स्थानिक सुट्टीचा लाभ पगारदारांना होतो. दुष्काळाने ज्यांना खडी फोडायला लावली, त्या शेतमजुरांना पगारी सुट्टी ठाऊक नाही, आणि कामे बंद राहिली तर त्यांचा रोजगारच बुडतो. ज्यांच्यासाठी स्मरण करायचे त्यांनाच वगळणारी ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

जपानने 1923 च्या भूकंपाचा 1 सप्टेंबर हा दिवस 1960 पासून आपत्ती प्रतिबंध दिन म्हणून पाळला, तो सुट्टी देऊन नव्हे, तर जीव वाचवण्याचे सराव घेऊन. मेक्सिकोत 1985 च्या भूकंपाच्या स्मृतिदिनी, 19 सप्टेंबरला, असाच सराव होतो, आणि 2017 मध्ये तो आटोपून जेमतेम दोन तास झाले असता पुन्हा मोठा भूकंप झाला. परभणीलाही भूकंप परका नाही, कारण 21 मार्च 2024 रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या 4.5 तीव्रतेच्या भूकंपाचे हादरे येथेही जाणवले. म्हणून 30 सप्टेंबरला शाळा उघड्या ठेवून मुलांना सराव द्यावा, हेच योग्य.

दुष्काळासाठी मात्र तारीख निवडावी लागेल, आणि त्या दृष्टीने 18 मे हा दिवस सर्वांत सयुक्तिक ठरतो: 1972 मध्ये याच दिवशी परभणीत मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि याच सुमारास विहिरींनी तळ गाठलेला असतो. त्या दिवशी कार्यालये बंद न ठेवता जिल्हा प्रशासनाने प्रत्येक गावात ग्रामसभा भरवावी, विहिरींची पातळी सर्वांसमक्ष मोजावी आणि गावात किती पाणी उरले आहे याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.