समुद्र गुरू कसा?



सज्जनहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत समुद्र आहे. नद्या भरभरून आल्या तरी तो फुगत नाही, उन्हाळ्यात आटत नाही, मर्यादा सोडत नाही. कितीतरी दत्तजयंत्या मी हे सांगत आलो. एकदा सांगितलं ते अर्नाळ्याच्या बेटावर, कोळी बांधवांसमोर. (होडीतून उतरताना पाय भिजले म्हणून कुरकुरलो होतो, तेही सांगून टाकतो.)

प्रवचनानंतर एक म्हातारे तांडेल जवळ आले. म्हणाले, "महाराज, दर्या मर्यादा सोडत नाही म्हणता. फयानात तुम्ही नव्हता."

११ नोव्हेंबर २००९. अलिबाग-मुंबईच्या मध्ये ते वादळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा यांची बोट खोल समुद्रात होती. जाळ्याच्या ओढीनं ती लाटांना आडवी व्हायला लागली. "पोरगा म्हणाला, बाबा, जाळं कर्जाचं आहे. मी कोयता घेतला नि दोर तोडला. मग नाळ वाऱ्यावर धरून रातभर पाणी उपसलं."

"नामस्मरण केलंत?"

"तोंडानं दत्त दत्त, हातानं बालदी. हात थांबला असता तर तोंडही बुडालं असतं."

मला अवधूतांचा आणखी एक गुरू आठवला, कपोत. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून तोही जाळ्यात पडतो. मी हे पोथीतून सांगतो. या माणसाला मात्र काय सोडायचं ते ऐन वादळात कळलं होतं.

सवयीनं मी बोलून गेलो, "दत्तगुरूंनीच तारलं तुम्हाला."

तांडेल जरा वेळ गप्प राहिले. "रत्नागिरीकडचे खलाशी परत आले नाहीत, महाराज. त्यांच्याही बोटीत देवाचा फोटो असेलच की. त्यांना कुणी सोडलं?"

सज्जनहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण 'देव भक्ताला तारतो' हे आता माझ्या तोंडून सहज निघत नाही. समोर कुणाच्या घरचा माणूस परतलेला नसेल, काय सांगावं? घरी येऊन एकादश स्कंध पुन्हा उघडला. समुद्र अथांग आहे, अपार आहे, ओलांडता न येणारा आहे, असंही तिथे म्हटलंय. तो श्लोक मी इतकी वर्षं भरभर वाचून पुढे जात होतो.

त्या दिवशी किनाऱ्यापर्यंत मला त्यांनीच सोडलं. मध्यावर आल्यावर प्रसादाचा एक द्रोण त्यांनी पाण्यात सोडला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.