शंकासमाधान : मुलांचे आज्ञापालन

शंका : मी इस्पितळात परिचारिका असून पाळीप्रमाणे रात्रीही कामावर जावे लागते. यजमान शिक्षक आहेत व रविवारी शब्बाथशाळाही चालवतात. सहा व चार वर्षांची आमची मुले चार वेळा ओरडल्याशिवाय जागची हलत नाहीत. शास्त्रात छडी सांगितली आहे, असे सासूबाई म्हणतात. माझे मन घेत नाही. काय करावे?

समाधान : पहिल्या तीन हाकांमागून कोणी उठून येत नाही, हे मुलांनी अनुभवाने ताडलेले असते, आणि म्हणून चौथ्या हाकेपर्यंत खेळ चालू ठेवण्यात त्यांचा हिशेब मुळीच चुकत नाही, चुकते ती आपली अंमलबजावणी. एका हाताने पोळी उलटीत शेजघराकडे तोंड करून सोडलेला हुकूम कामाच्या घरात अपरिहार्य खरा, परंतु ज्याची तामिली पाहण्यास सवड नाही असा हुकूम न सोडलेलाच बरा.

शिलो येथील याजक एली याची कथा आपण शब्बाथशाळेत ऐकलीच असेल. हफनी व फिनहास या आपल्या पुत्रांना त्याने ताकीदच दिली नाही असा पुष्कळांचा समज आहे, पण पहिल्या शमुवेलाचा दुसरा अध्याय काढून पाहावा : वृद्ध पित्याने त्यांची चांगली कानउघाडणी केलेली आहे. त्याच्यावर दोष आला तो, बोलूनही त्याने त्यांना आवरले नाही, या सबबीवर. आणि त्याच एलीच्या छायेत वाढणारा बाल शमुवेल मात्र रात्री हाक ऐकताच तीनदा उठून त्याच्याकडे धावत गेला. त्याची माता हन्ना त्याला वर्षातून एकदा भेटे व येताना लहानसा झगा शिवून आणी. तेव्हा रात्रपाळीमुळे आपली मुले बिघडतील ही धास्ती आपण मनातून काढून टाकावी.

तजवीज अशी करावी की दिवसातून मोजक्याच आज्ञा द्याव्या. द्यावयाची ती जवळ जाऊन, मुलाच्या डोळ्यांना डोळा देऊन, हळू आवाजात एकदाच द्यावी, आणि काम झाल्याखेरीज तेथून हलू नये. दूध करपले तरी चालेल. पहिला पंधरवडा हे जड जाईल, कारण मुले आपली जुनी समजूत सहजासहजी सोडणार नाहीत. त्याचप्रमाणे आईने दिलेली आज्ञा आजीने लाडापोटी रद्द करू नये व आजीची आईने. यजमानांनी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून उरलेला थोडा वेळ या कामी घरी खर्च करावा, असे मी त्यांना स्पष्ट सुचवितो.

राहिला छडीचा प्रश्न. नीतिसूत्रांत छडीचा उल्लेख आहे, तो नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. परंतु इफिसकरांस लिहिताना पौलाने मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लगेच बापांना बजावले आहे की मुलांना चिडीस आणू नये, आणि कलस्सैकरांच्या पत्रात त्याचे कारणही दिले आहे, की त्यांचे मन खचेल. रात्रभर रुग्णांची शुश्रूषा करून सकाळी घरी परतलेल्या मातेचा हात उठतो तेव्हा तो मुलाच्या कसुरापेक्षा तिच्या अपुऱ्या झोपेमुळेच बहुधा उठलेला असतो, आणि त्याला शिक्षण म्हणणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय. मारू नये, असाच माझा अभिप्राय आहे.

शंका : थोरला मुलगा प्रार्थनेला बसताना 'कशाला?' असे विचारतो. हे उद्धटपण समजावे काय?

समाधान : समजू नये. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहिला, तेव्हा मरीयेने त्याला कारण विचारले व त्यानेही तिला उलट प्रश्नच केला; तथापि पुढे तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला, असे लूक सांगतो. प्रश्न विचारणे व आज्ञा मोडणे यांत भेद आहे. मुलाला आधी बसू द्यावे, मग कारण सांगावे, आणि प्रार्थना इतकी आटोपशीर ठेवावी की चार वर्षांचे लेकरू कंटाळून झोपी जाणार नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात ती सासूबाईंनी चालवावी. आपण घरी नाही म्हणून ती तहकूब होऊ नये.