सक्तीचा एकांत आणि प्रतिभा

एकांत हा प्रतिभेचा पोशिंदा आहे, हे मत आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याची परीक्षा करून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली, ही उदाहरणे शाळकरी मुलांसही ठाऊक असतात; आणि तेवढ्यावरून बंदिवास हा कलावंतास लाभदायकच ठरतो, असा सिद्धान्त बांधून लोक मोकळे होतात. परंतु त्याच तुरुंगांत हजारो माणसे दिवस कंठीत राहिली, आणि त्यांतील बहुतेकांच्या हातून एक ओळही उतरली नाही. भिंतींच्या अंगी निर्मितीचे सामर्थ्य असते, तर ते सर्वांच्याच वाट्यास आले असते. तेव्हा सक्तीच्या एकांतातून जे काही निपजते ते कशामुळे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ज्या संकटाने शेजाऱ्याची चूल विझली त्याच संकटात एखाद्या कलावंतास स्फूर्ती लाभली, तर ती त्याने कोणत्या तोंडाने स्वीकारावी?

हे दोन्ही प्रश्न सोलापुरात २०२० साली अगदी दारापर्यंत आले होते. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सारा देश घरांत कोंडला गेला. एप्रिलच्या मध्यास करोनाच्या साथीने शहरात पाऊल टाकले, आणि २५ एप्रिलला रमजानचा पहिला रोजा आला. यंत्रमाग थांबले होते. विड्या वळून संसार चालविणाऱ्या बायकांचे हात रिकामे होते. रमजानच्या रात्री विजापूर वेशीत बाजाराची जी झुंबड उडावयाची, तिचा मागमूस नव्हता. मशिदींत जमण्यास मनाई असल्यामुळे रात्रीची तरावीहची नमाज ज्याची त्याने घरीच अदा करावयाची होती. वर सोलापूरचा वैशाखवणवा. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचे सुमारे चौदा तास, आणि त्यांत पाण्याचा थेंब नाही. एक निर्बंध सरकारने घातलेला, दुसरा श्रद्धेने आपण होऊन पत्करलेला; असे दोन्ही निर्बंध एकाच उंबरठ्यावर एकाच वेळी येऊन बसले.

अशा एखाद्या घरात पुस्तकांसाठी व मासिकांसाठी चित्रे काढणारा एक चित्रकार राहतो, अशी आपण कल्पना करू. घरकोंडीचा पहिला महिना त्याने कसा घालविला असेल? वेळ मुबलक, कागद समोर, कोणाची ये-जा नाही. म्हणजे एकांताची जी स्तुती आपण पुस्तकांत वाचतो ती सर्व सामग्री सिद्ध होती. तरीही त्या महिन्यात त्याच्या हातून काही झाले नसावे, असेच आम्हांस वाटते. ज्या दिवसास आरंभ नाही व शेवट नाही, जेथे उठण्याची घटका ठरलेली नाही आणि जेवण्याचीही नाही, तो दिवस मोकळा दिसतो खरा. पण तो विस्कटलेला असतो. त्या काळात घरी बसलेल्या पुष्कळ सुशिक्षित माणसांस हा अनुभव आला आहे. जी पुस्तके वाचण्यास सवड नाही म्हणून आपण आयुष्यभर हळहळलो, ती त्या सवडीतही उघडली गेली नाहीत.

मग रमजान येतो. घराच्या भिंती त्याच, खिडकी तीच, साथीची वार्ताही तशीच भयंकर. पण दिवसास काठ येतात. पहाटे सहरीसाठी उठावयाचे, पूर्वेकडे उजेडाची रेघ दिसण्याच्या आत जेवण आटोपावयाचे, पाच वेळांच्या नमाजेने दिवसाचे भाग पाडावयाचे, आणि सूर्य बुडताच खजुराने रोजा सोडावयाचा. ज्या माणसास सूर्याची वाट पाहावयाची असते, तो प्रकाशाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागतो. भिंतीवरची उन्हाची तिरीप कोणत्या घटकेस कोनाड्यापाशी पोहोचते, दुपारच्या झळांत समोरच्या गच्चीचा कठडा कसा पांढराफटक पडतो, संध्याकाळी तांब्याच्या कडेवर शेवटचा उजेड किती वेळ टिकतो, हे सर्व त्याला कळू लागते. तहानलेल्या माणसास पाण्याच्या भांड्याचा आकार जसा दिसतो तसा तो पाणी प्यालेल्यास दिसत नाही. आमचा हा कल्पित चित्रकार पेन्सिल उचलील तर ती या वेळी. त्याला स्फूर्ती दिली ती कोंडण्याने नव्हे. कोंडलेल्या दिवसास त्याने जो नेम लावून घेतला, त्या नेमाने ती दिली.

येथे दोन शब्दांच्या जन्मकथा सांगण्यासारख्या आहेत. साथीच्या भयाने जहाजे दूर थांबवून ठेवण्याचा कायदा अॅड्रिअॅटिक समुद्रकाठच्या रागुसा नगराने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, १३७७ साली केला. आरंभी ही मुदत तीस दिवसांची होती. पुढे ती चाळीस दिवसांची झाली, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. दुसरीकडे सूफी साधक चाळीस दिवस एका कोठडीत राहून जे ध्यान करतात, त्यास ‘चिल्ला’ म्हणतात. आणि हा शब्दही चाळीस याच अर्थाच्या फारसी शब्दापासून आलेला आहे. एकाच आकड्याने रोग्याची कोठडीही मोजली आणि साधकाचीही. आपल्या घरांतून बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, त्याचाही हिशोब याच्या जवळपासच येतो. कोठडी तीच, दिवसही जवळजवळ तितकेच. पण पहिला मनुष्य सुटकेचे दिवस मोजतो, दुसरा भेटीचे मोजतो आणि तिसरीच्या मांडीवर नवा जीव असतो. तेव्हा एकांताचे फळ भिंतींनी ठरत नाही. आत बसलेला माणूस कशाची वाट पाहत आहे, यावर ते ठरते.

बंधन आणि निर्मिती यांचे नाते समजण्यास सोलापूरकरास दूर जाण्याचेही कारण नाही. ज्या चादरीने या गावाचे नाव घरोघरी पोहोचविले, तिची नक्षी पूर्वापार चौकटींच्या कागदावर रेखली जात असे. प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या व आडव्या धाग्याची एक भेट. ती भरावयाची किंवा रिकामी ठेवावयाची, एवढेच स्वातंत्र्य नक्षीकारास असे. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोके पाडावयाची, आणि त्या भोकांच्या आज्ञेने मागावरचे धागे वर उचलले जावयाचे. आता हे काम संगणकावरही होते. परंतु नियम तोच राहिला आहे. गोल पाकळी काढावयाची तर ती चौकोनांच्या पायऱ्यांनीच काढावी लागते. या अडचणीतूनच त्या चादरीस तिचे विशिष्ट रूप आले आहे. जो नक्षीकार चौकटींशी भांडत बसेल त्याची पाकळी वाकडी होईल. आणि जो त्यांना मान्य करून त्यांच्या आत आपला मार्ग शोधील, त्याची पाकळी फुलेल.

येथे कोणी म्हणेल की, कारागिराने चौकट स्वेच्छेने घेतली, साथ मात्र कोणीच मागून घेतली नव्हती. हा आक्षेप खरा आहे. सक्तीचे बंधन केवळ मनाने ‘माझे’ म्हटल्याने गोड होत नाही. परंतु जे टळत नाही त्याच्या आत आपल्या हाती काय उरते, हे शोधून काढणे मनुष्याच्या स्वाधीन असते, आणि आपल्या परंपरेस ही विद्या अपरिचित नाही. याच जिल्ह्यातील अरणचे सावता महाराज पंढरपूरच्या वारीस गेले नाहीत. आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीस आला, असे परंपरा सांगते. २०२० च्या आषाढीस संतांच्या पालख्या बसगाड्यांतून पंढरीस न्याव्या लागल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी घरीच बसून मानसपूजा केली. त्याच्या दोन महिने आधी त्याच जिल्ह्यातील मुसलमान घरांनी जमाअतीवाचून नमाज अदा केली होती. शेजाऱ्यांनी एकमेकांचे दुःख इतक्या नेमकेपणाने अनुभवावे, असे प्रसंग इतिहासात थोडे असतात.

उणीव ही देखील दृष्टी देते, हे सांगण्यासही पंढरपूरच उपयोगी पडेल. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तेथे १९१५ साली झाला. ते अगदी तान्हे असताना त्यांची आई निवर्तली, आणि तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पुढे मदर तेरेसांवरील चित्रमालिकेत त्यांनी निळ्या काठांची पांढरी साडी रंगविली, मांडीवरचे मूल रंगविले, आणि चेहऱ्याची जागा रिकामी ठेविली. जे नाही त्याची जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवणे, हेही चित्रकाराचे काम आहे. २०२० च्या रमजानात मशिदीतील रिकाम्या सफा आणि ईदच्या दिवशी न झालेल्या गळाभेटी चित्रित करणे म्हणजे हीच रिकामी जागा रेखणे होते.

इथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता दुसऱ्याकडे वळू. त्याच वर्षी डेव्हिड हॉकनी हा वृद्ध इंग्रज चित्रकार फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात आपल्या घरी बसून, समोरच्या झाडांवर वसंत कसा उतरतो याची चित्रे काढीत होता. ती चित्रे प्रसन्न आहेत, आणि पुष्कळांना त्यांनी धीरही दिला. पण हॉकनीच्या खिडकीबाहेर बाग होती. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीत सहा माणसे आणि एक खिडकी. तेथे एकांत कोणता? संसर्ग टाळण्यासाठी दूर राहा, असे त्यास सांगितले जात होते. पण दूर म्हणजे कोठे, हे त्याच्या खोलीत बसत नव्हते. एकांत हा देखील ऐपतीचा पदार्थ आहे, ही गोष्ट त्याची स्तुती करणारे आम्ही मध्यमवर्गीय लोक सोयीस्करपणे विसरतो.

याहूनही जवळची एक गोष्ट आहे. आमच्या चित्रकारास पहाटेच्या अंधाराचे सौंदर्य दिसले. परंतु त्या अंधारात त्याच्या आधी तासभर कोणी तरी उठले होते. चूल पेटली, भाकरी झाली, मुलांस हळूच जागे केले, दुपारी तहानेने कोरड पडलेल्या घशाने पुन्हा संध्याकाळच्या इफ्तारची तयारी झाली. त्या बाईसही रोजा होताच. घरकोंडीने तिला एकांत दिला नाही. उलट जी माणसे एरवी दिवसभर बाहेर असत, ती सारी तिच्या ओसरीत आणून बसविली. पुरुषाच्या चिंतनाची किंमत अनेकदा दुसऱ्याच्या श्रमांत चुकती केलेली असते, आणि हे केवळ मुसलमान घरापुरते किंवा केवळ साथीपुरते खरे नाही. आमच्या ब्राह्मणी आणि मराठा घरांतील वाचनाच्या खोल्यांनीही या हिशोबाकडे पाहावे.

मग त्या चित्रकाराने पेन्सिल खाली ठेवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याने चित्र काढले नाही म्हणून कोणाच्या ताटात भाकरी पडणार नव्हती. दुसऱ्याच्या दुःखामुळे आपणही आंधळे होणे ही सहानुभूती नव्हे. पण ‘साथ आली म्हणून मला स्फूर्ती मिळाली, तेव्हा साथ हीच माझी इष्टापत्ती’ असे म्हणण्याचा अधिकारही त्यास नाही. जे दिसले ते त्याला मिळाले आहे हे खरे. पण ते त्याचे एकट्याचे नाही.

या बाबतीत रमजाननेच एक वाट दाखविली आहे. महिनाभर रोजे ठेवल्यानंतर ऐपत असलेल्या माणसाने ईदच्या नमाजेपूर्वी ‘फित्रा’ द्यावयाचा असतो. घरातील प्रत्येक माणसामागे, मग ते पाळण्यातले मूल का असेना, धान्याचे ठराविक माप किंवा त्याची किंमत गरिबास पोहोचली पाहिजे, म्हणजे ईदच्या दिवशी त्याच्याही घरी चूल पेटेल. उपासाचे पुण्य एकट्याने उपभोगावयाचे नाही, त्यातील वाटा आधी द्यावयाचा आणि मग आनंद करावयाचा, असा हा विचार आहे. कलावंतासही असा एक फित्रा लागू होतो, असे आम्ही म्हणू. त्याच्या चित्रांत खिडकीतला प्रकाश जसा यावा तसे पहाटे भाकरी थापणारे हातही यावेत. थांबलेला यंत्रमाग यावा, आणि ज्याला पाहण्याची सवड नव्हती अशा माणसास ते चित्र पाहताना आपण कोणाच्या तरी दृष्टीस पडलो होतो, असे वाटावे. दैन्य सुंदर करून विकणे हा फित्रा नव्हे. दुसऱ्याने सोसले ते जसेच्या तसे, न फुगविता आणि न लपविता, त्याच्या नावावर जमा करणे, हा तो होय.

२०२० ची ती ईद २५ मे रोजी आली. ईदगाहावर गर्दी झाली नाही, शीरखुर्मा घरच्या घरीच वाटला गेला. साथ पुढे दोन वर्षे रेंगाळली आणि ओसरली. आता बाजार पुन्हा भरतात, वारी पुन्हा पायी चालते. त्या दिवसांचे आपल्याजवळ काय उरले, असे कोणी विचारील तर बहुतेकांपाशी एक धूसर भीती आणि काही गेलेल्या माणसांची नावे, एवढेच उरले आहे. ज्यांच्यापाशी याहून अधिक काही उरले असेल, एखादी वही, एखादे रेखाचित्र, भिंतीवरून सरकणाऱ्या उन्हाची एखादी नोंद, त्यांनी ते आपले भाग्य मानावे. पण त्या उन्हाखालीच ज्यांची चूल थंड होती, त्यांचे देणे अजून फिटावयाचे आहे, हे ध्यानात ठेवून मानावे.